हात जोड आणि कडीही लाव

पोरी, पुण्यात नोकरी लागली, खोलीही मिळाली, आता घरापासून दूर राहशील. लोणचं, पापड, पांघरूण आईने बांधून दिलं असेलच. मावशीच्या वाट्याला राहिलं ते प्रार्थनेबद्दल सांगणं.

आपण ख्रिस्ती माणसं सैतान, मोह, दुष्टाच्या युक्त्या हे सगळं खरं मानतो. पण ख्रिस्ताने वधस्तंभावर आणि पुनरुत्थानात त्याच्यावर जय मिळवला, हे त्याहून खरं मानतो. मग आपल्याकडे काम उरतं ते त्या जयाच्या आडोशाला राहण्याचं, आणि प्रार्थना म्हणजे ते राहणं. संकटात तेवढा म्हणायचा मंत्र करून ठेवलीस तर ती तुला कायम परकी वाटेल. रोज तिच्यात राहिलीस तर संकटाच्या दिवशी निराळं काही करावं लागणार नाही. आता हे सगळं उद्या पहाटेपासून एकदम करायला जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. एकेक घे.

आधी मनात बसवायचं

१. लढाई प्रभूची आहे, हे पहिल्यांदा मनात धर — इफिसकरांना लिहिताना पौलाने सगळा भर उभं राहण्यावर दिला, कारण जिंकायचं ते ख्रिस्ताने जिंकून ठेवलंय.

२. सैतान नाहीच असं म्हणू नकोस, आणि दूध उतू गेलं तरी त्याचंच नाव घेऊ नकोस — पहिल्याने माणूस गाफील होतो, दुसऱ्याने नजर प्रभूवरून हलते, आणि दोन्हीत फायदा त्याचाच.

३. पौलाने सांगितलेली शस्त्रसामग्री पाठ कर: सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, पायांत सुवार्तेची तयारी, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. या सहांच्या मागोमाग प्रार्थना येते आणि तिला वेगळं हत्यार दिलेलं नाही — कारण या सहांतलं एकही प्रार्थनेवाचून अंगावर टिकत नाही.

४. ही यादी लिहिणारा माणूस कैदेत, साखळीत होता, हे वाचताना विसरू नकोस. आपल्यासाठी प्रार्थना करा असं त्याने मंडळीला विनवलं. पण मागायला सांगितलं ते तोंड उघडून सुवार्ता सांगायचं धैर्य, सुटका नव्हे — बेडी असतानाही मन न मोडणं हेही रक्षणच आहे, आणि कधी कधी मोठं रक्षण तेच असतं.

५. माणसाला शत्रू ठरवू नकोस. आपली झुंज हाडामांसाच्या माणसांशी नाही, असं पौल त्याच पत्रात सांगतो — ऑफिसातली टोमणे मारणारी बाई असो की भाडं वाढवणारा मालक, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची असते, त्यांच्यावर सोडायची नसते.

सकाळी

६. मोबाइलला हात लावण्याआधी प्रभूला हाक मार — उठल्याउठल्या जगाची भीती ऐकलीस तर दिवसभर तीच कानात घुमते.

७. वेळ ठरव आणि तीच पाळ. दानीएल बाबेलात दिवसातून तीनदा, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या ठेवून, गुडघे टेकायचा — सिंहांच्या गुहेचा हुकूम निघाला त्या दिवशी त्याला नवं काही शिकावं लागलं नाही. आधी गुडघ्यावर असतो, तो शेवटी पायांवर असतो.

८. थोडी कर, पण चुकवू नकोस — रोजची पाच मिनिटं माणसाला सवय लावतात, महिन्यातला एक तास फक्त अपराधीपणा लावतो.

९. प्रभूने शिकवलेली प्रार्थना रोज म्हण, आणि लोकल पकडायची असल्यासारखी म्हणू नकोस. रोजची भाकर मागितल्यावर आणि क्षमा मागितल्यावर शेवटी मोहापासून, वाइटापासून सोडवण्याचं मागणं येतं — म्हणजे रक्षण हे भाकरीइतकंच रोज मागायचं असतं, शिल्लक टाकता येत नाही.

१०. प्रार्थना झाली की कामाला लाग, आनंदाने. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत घरच्यांसाठी सकाळची प्रार्थना लिहिली, देवदूत सोबत असावा आणि शत्रूचं काही चालू नये अशी. आणि पुढे सांगितलं की आता गीत म्हणत कामावर जा — प्रभूच्या हाती दिलेलं पुन्हा मागे घेऊन चिवडत बसलो, तर दिलं कुठे?

११. आवाज चढवलास म्हणजे प्रार्थना चढत नाही. रडू आलं तर रड, शब्द सुचेनात तर गप्प बस — हन्ना मंदिरात नुसते ओठ हलवत होती, एली याजकाला ती प्यायलेली वाटली, पण देवाला सगळं ऐकू गेलं.

वचन जवळ ठेवायचं

१२. उशाशी बायबल ठेवतेस ते चांगलं, पण ते उघडत जा — मिटलेलं पुस्तक रक्षा करतं असं मानलं की वचनाचा ताईत होतो.

१३. दर आठवड्याला एक वचन तोंडपाठ कर. अरण्यात सैतान आला तेव्हा प्रभूने तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातलं वचन पुढे केलं — तिथे ग्रंथ उलगडून शोधायला कोणी बसलं नव्हतं, जे आत होतं ते बाहेर आलं.

१४. एक्याण्णवावं स्तोत्र आपण रक्षणासाठी म्हणतो, पण एक ध्यानात ठेव: त्याच परीक्षेच्या वेळी सैतानानेही याच स्तोत्राचा आधार घेतला, आणि प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितली. म्हणून प्रार्थना केली आहे असं म्हणून रात्री हेल्मेटशिवाय गाडी पळवू नकोस — देवावर भरवसा ठेवणं आणि देवाची परीक्षा पाहणं यातला फरक प्रभूने तिथेच दाखवून दिला.

१५. जे वाचलंस त्याचीच प्रार्थना कर. स्तोत्रात भीती असेल तर आपली भीती सांग, आभार असतील तर आपले आभार मान — म्हणजे काय बोलावं हा प्रश्न राहत नाही, आणि आपल्याच काळज्यांच्या चकरा थांबतात.

फटी बुजवायच्या

१६. राग सूर्यास्तापर्यंत ठेवायचा, पुढे न्यायचा नाही. पौल हे सांगतो आणि लगेच सैतानाला जागा देऊ नका म्हणतो — दोन्ही गोष्टी एका दमात आल्यात त्या उगीच नाहीत. रात्रीवर टाकलेलं भांडण सकाळी दुप्पट होऊन उठतं.

१७. मैत्रिणीला फोन करून 'माझं चुकलं' म्हणायला लाजू नकोस — एवढ्या दोन शब्दांनी जी फट बुजते, ती उपासाने बुजत नाही.

१८. क्षमा करायला मन तयार नसेल तर तेच प्रार्थनेत सांग: प्रभो, अजून जमत नाही, जमव — खोटी क्षमा आतून सडते, खरी अडचण मांडली तर तो हात घालतो.

१९. लहानसहान खोटं सोड. निघालेच आहे, असं अंथरुणातून फोनवर सांगायचं नाही — सत्याचा कमरबंद सैल झाला की वरचं सगळं घसरतं.

२०. जे पाप परत परत पाडतं, ते एका विश्वासू बाईजवळ बोल आणि तिला तुझ्यासाठी प्रार्थना करायला सांग; याकोबाने आपल्या पत्रात तेच करायला सांगितलंय — लपवलेलं जोर धरतं, सांगितलेलं सुटत जातं.

२१. पण ती बाई निवडून घे, आणि कोणी तुला सांगितलं तर तूही पोटात ठेव. तिच्यासाठी प्रार्थना करा गं, असं म्हणून सगळी हकीगत महिला मंडळात सांगितली तर ती चहाडीच — प्रभूला नाव पुरतं, त्याला तपशील माहीत असतो.

२२. जेवण आणि झोप चुकवू नकोस. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. दोनदा उठवून भाकर-पाणी दिलं आणि मध्ये झोपू दिलं — उपाशी, जागरणाने थकलेल्या जिवाला प्रत्येक सावली राक्षस दिसते.

२३. हा मेसेज इतक्या जणांना पाठवला नाहीस तर वाईट होईल, असं काही आलं तर तिथेच पुसून टाक, मग वर क्रूसाचं चित्र का असेना — प्रभू कोणाला धमकावून प्रार्थना करून घेत नाही.

२४. रात्री एकटी असताना भुताखेताच्या मालिका बघून मग भीती जावी म्हणून प्रार्थना करायची, हा उद्योग बंद — आधी दार उघडायचं आणि मग राखण मागायची, याला काय म्हणावं?

प्रसंग अंगावर आला तर

२५. हाक आखूड असली तरी चालते. पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा त्याला दोन-तीन शब्दच सुचले, आणि प्रभूने लगेच हात धरला — बुडणाऱ्याकडून तो लांबलचक प्रार्थनेची वाट पाहत नाही.

२६. जे कागद घाबरवतात ते प्रभूपुढे पसर: रिपोर्ट, नोटीस, बिल, काही असो. हिज्कीया राजाने अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र मंदिरात नेऊन असंच परमेश्वरापुढे उलगडलं — पाकिटात घडी करून ठेवलेली भीती वाढत जाते, उलगडली की ती किती आहे ते तरी दिसतं.

२७. हात जोड आणि कडीही लाव. नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधताना शत्रू चालून येणार असं ऐकलं. लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला, आणि कोट ५२ दिवसांत उभा राहिला — पहारा ठेवल्याने विश्वास कमी पडत नाही, आणि प्रार्थना केल्याने पहाऱ्याची गरज संपत नाही. तुझ्यासाठी याचा अर्थ सोपा आहे: रात्री रिक्षात बसताना मनात प्रार्थना, आणि रिक्षाचा नंबर मैत्रिणीला.

२८. मोह समोर आला तर तिथे गुडघे टेकत बसू नकोस, आधी बाहेर पड. पोटीफराच्या बायकोच्या हातात झगा सोडून योसेफ पळाला — काही प्रार्थना चालत्या पायांनीच करायच्या असतात.

२९. भीती दाटली की गीत म्हण, बेसूर असलं तरी. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गात होते. यहोशाफाट राजाने तर सैन्यापुढे गायकच चालवले — गाताना श्वास लांब होतो, मन एका जागी येतं, आणि ज्याची स्तुती करतेस तो मोठा दिसायला लागतो.

३०. त्यासाठी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक बॅगेत टाक, नारायण वामन टिळकांची दोन-तीन गीतं तर पाठच कर — त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या नि ओवीच्या चालीत आणली, म्हणून ती घाबरलेल्या जिभेवरही आपोआप येतात.

३१. तू कसली देवाची, असं आत कोणी म्हणायला लागलं तर वाद घालू नकोस. चूक असेल तर कबूल कर, ख्रिस्ताने क्षमा केली म्हण, आणि पुढच्या कामाला लाग — प्रकटीकरणात सैतानाला रात्रंदिवस दोष देणारा म्हटलंय; पवित्र आत्मा चूक दाखवतो तेव्हा सोबत वाटही दाखवतो, तो नुसता झोडपत नाही.

३२. सैतानाशी गप्पा, शिव्या, आव्हानं, काही नको. यहूदाच्या पत्रात मीखाएल आद्यदेवदूतसुद्धा स्वतः फटकारत नाही, प्रभूच्याच धमकीवर सोडतो. आणि स्किवाचे सात मुलगे दुरात्मा काढायला येशूचं नुसतं नाव वापरायला गेले ते उघडे आणि घायाळ होऊन पळाले — बोलायचं ते प्रभूशी, शत्रूकडे फक्त नकार.

रात्री

३३. झोपण्याआधी गॅसचं बटण बघतेस तसं मनही बघ: आज कुणाला दुखावलं, कशाचे आभार मानायचे राहिले, कशाची भीती आहे — तीन प्रश्नांना दोन मिनिटं पुरतात, आणि उद्याचा अर्धा गुंता इथेच सुटतो.

३४. रात्रीची स्तोत्रं ठरवून ठेव. सहाव्या शतकात बेनेडिक्टने इटलीतल्या आपल्या मठांसाठी नियम लिहिला. त्यात निजण्याआधी रोज चौथं, एक्याण्णवावं आणि एकशे चौतिसावं अशी तीनच स्तोत्रं सांगितली — रोज तीच असल्याने अंधारात पुस्तक लागत नाही, दिवा लागत नाही.

३५. वाईट स्वप्नाने दचकून उठलीस तर दिवा लाव, घोटभर पाणी पी, प्रभूचं नाव घे आणि कूस बदलून झोप. स्वप्नाचा अर्थ इंटरनेटवर शोधू नकोस — पहाटे तीनला केलेला कुठलाच विचार सकाळच्या उजेडात तेवढा खरा ठरत नाही.

३६. घरच्यांची नावं घेऊन प्रार्थना कर, 'सर्वांना राख' एवढ्यावर भागवू नकोस. तुझे आजोबा जेवणं झाली की चटईवर बसायचे, कंदील जवळ ओढायचे, चष्म्याची दोरी कानामागे अडकवायचे आणि मोठ्या लेकीपासून एकेक नाव घ्यायचे. तुझ्या मामाच्या नावापाशी जरा जास्तच थांबायचे, तेव्हा तो मान खाली घालून चटईची काडी ओढत बसायचा — आपलं नाव कोणी देवापुढे घेतलेलं ज्या लेकराने कानांनी ऐकलं, ते दूर गेलं तरी एकटं पडत नाही.

३७. प्रार्थना करता करता झोप लागली तर मनाला लावून घेऊ नकोस — बापाच्या मांडीवर डोळा लागला म्हणून बाप रागावत नाही.

एकटीने लढायचं नाही

३८. पहिल्याच रविवारी जवळची मंडळी शोध. स्थिरस्थावर झाल्यावर बघू, असं म्हणू नकोस — स्थिरस्थावर व्हायलाच मंडळी लागते.

३९. प्रार्थनेला एक जोडीदार धर. अमालेक्यांशी लढाई चालली असताना मोशेचे हात भरून आले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी ते सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले — ज्याचे हात टेकले त्याचा विश्वास कमी होता असं शास्त्र कुठेच म्हणत नाही, त्याला फक्त दोन माणसं लागली.

४०. 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणायला संकोच नको. गेथशेमाने बागेत प्रभूनेही तिघांना जवळ थांबून जागं राहायला सांगितलं — त्याने मागितली ती सोबत आपण का मागू नये?

४१. आणि प्रार्थना केली असेल तर दाराकडे लक्ष ठेव. पेत्र तुरुंगात, चार-चार शिपायांच्या चार तुकड्यांच्या पहाऱ्यात होता. मंडळी मार्काच्या आईच्या घरी प्रार्थना करत होती, आणि तो सुटून दार वाजवायला लागला तेव्हा रुदा नावाची पोर आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली आणि आतल्यांनी तिलाच वेडी ठरवलं — मागायचं आणि मिळाल्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही खोड जुनी आहे, तू लावून घेऊ नकोस.

४२. प्रार्थनेचा घोळका कामालाही एकत्र असावा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला मुलींना बोलावलं. सुरुवातीला सत्तरेक आल्या, पुढे पाचशेच्या वर गेल्या, आणि त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या — त्याच ठिकाणी शाळा चालत होती, छापखाना चालत होता, बायबलचं भाषांतर चालू होतं. गुडघे आणि हात दोन्ही देवाचे.

४३. तुझ्या खोलीतली वसईची मैत्रीण संध्याकाळी रोझरी म्हणत असेल तर टीव्हीचा आवाज कमी कर, जमलं तर शेजारी शांत बस — रीत निराळी असली तरी हाक त्याच प्रभूला आहे.

इथे सावध

४४. प्रार्थनेचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नकोस, तेल असो, रुमाल असो की 'खास अभिषेक'. नामानाचं कोड गेलं तेव्हा अलीशाने त्याची भेट नाकारली, आणि मागे धावत जाऊन ती घेणारा त्याचा चाकर गेहजी स्वतः कोडी झाला — देवाचं दान विकायला काढलं की ते देवाचं राहत नाही.

४५. दुरात्मा काढतो म्हणून कोणी कुणाला मारत, बांधत, उपाशी ठेवत असेल तर तिथे आमेन म्हणू नकोस, थांबव आणि ११२ ला फोन कर — प्रभूने पीडितांना मोकळं केलं ते शब्दाने, काठीने कधीच नाही. आणि महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा छळ गुन्हा आहे.

४६. डॉक्टरांची गोळी प्रार्थनेच्या नावाखाली बंद करायची नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला प्रिय म्हटलंय — सलाइन चालू असताना उशाशी बसून हळू आवाजात केलेली प्रार्थना त्या थेंबांच्या आड येत नाही.

४७. आठवडेच्या आठवडे उदास वाटलं, जगणं नको वाटलं, कानात आवाज यायला लागले, तर पाळकसाहेबांना सांग आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही दाखव. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं — प्रत्येक काळोख दुरात्म्याचा नसतो, आणि आजाराला बाधा म्हटलं की माणूस उपचारालाही मुकतो आणि वर दोषीही ठरतो.

४८. घरात किंवा बाहेर कोणी हात उगारत असेल तर सोसत प्रार्थना करणं हे पुण्य नव्हे. महिलांसाठी १८१ आहे, तो फिरव — दाविदाने शौलाचा भाला चुकवला आणि पळून जीव वाचवला. त्याची कितीतरी स्तोत्रं त्या पळापळीतली आहेत.

४९. शेजारच्या दारावरच्या लिंबू-मिरचीला हसू नकोस आणि तिला घाबरूही नकोस — त्यांची भीती खरी आहे, तिची थट्टा करून ती जात नाही. तुझी शांती बघून कधी विचारतील, तेव्हा सांग.

उत्तर येईना तेव्हा

५०. मागत राहा. दानीएलाने तीन आठवडे शोक करत प्रार्थना केली. मग आलेल्या दूताने सांगितलं की त्याचं म्हणणं पहिल्याच दिवशी ऐकलं गेलं होतं, वाटेत मात्र २१ दिवस विरोध झाला — उशीर झाला म्हणजे ऐकलं नाही असं धरू नकोस.

५१. 'नाही' हेही उत्तर असतं. पौलाने अंगातला काटा जावा म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला, कृपा मिळाली — ज्याच्या रुमालांनी लोक बरे झाले त्यालाच काटा सोसावा लागला, तेव्हा दुखणं राहिलं म्हणून स्वतःला नाकारलेली समजू नकोस.

५२. ज्याच्यावर संकट आलं त्याचा विश्वास मोजायला जाऊ नकोस. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात पेत्र सुटतो खरा, पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला हेरोद योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीने मारतो. दोघेही प्रभूचे, दोघेही लाडके — का, हे तिथे लिहिलेलं नाही. शोकाच्या घरी जाऊन त्याचं कारण सांगणारे ईयोबाचे मित्र होऊ नये. भाकरी-कालवण घेऊन जावं.

५३. धगधगत्या भट्टीपुढे दानीएलाच्या तीन सोबत्यांनी बाबेलच्या राजाला जे उत्तर दिलं त्याचा भाव मनात ठेव: आमचा देव सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही — एवढं ठरलेलं असलं की भीतीला धरायला काही उरत नाही.

५४. संकट टळलं की सावधपणा सोडू नकोस, आणि आभार मानायला विसरू नकोस. अरण्यात हरल्यावर सैतान संधी मिळेपर्यंतच दूर गेला, असं लूक लिहितो. आणि दहा कोडी बरे झाले त्यांतला एकच परत आला — सुटल्यावर जो मागे वळतो, तो पुढच्या वेळी वाट चुकत नाही.

५५. पडलीस तर तिथे बसून राहू नकोस. पेत्र नाकारणार हे ठाऊक असताना प्रभूने आधीच त्याच्यासाठी प्रार्थना केली होती, आणि सावरल्यावर भावांना धीर द्यायचं कामही आधीच नेमून ठेवलं होतं — आपली प्रार्थना थकते तेव्हाही त्याची चालू असते. आपला खरा भरवसा आपल्या प्रार्थनेवर नाही, प्रार्थना ऐकणाऱ्यावर आणि आपल्यासाठी विनवणाऱ्यावर आहे.

५६. आता शेवटचं. स्वतःसाठी रक्षण मागून झालं की रोज आणखी एकाचं नाव घे: रात्रपाळीला गेलेली शेजारीण, खालचा वॉचमन, जिच्याशी बोलणं बंद आहे ती मैत्रीण. आज कोणाचं घ्यायचं ते आत्ताच ठरव — सगळ्यांसाठी जागी राहणारी माणसं वाड्यावाड्यांत हवीत, आणि तुझ्या नव्या वाड्यात ती तू हो.

जय ख्रिस्त, पोरी. पोचलीस की फोन कर.